‘हे पुस्तक कुठेच नाही’ : नाशिक रोडच्या एका वाचनालयातला एआयचा अभ्यासगट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नाशिक रोडच्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात कॉलेजची एक मुलगी आठ पुस्तकांची यादी घेऊन आली. विषय होता मराठीतले मुस्लिम संतकवी. यादी अगदी नीटनेटकी. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, सगळं जागच्या जागी. ग्रंथपाल ताईंनी रजिस्टर पाहिलं, कपाटं धुंडाळली, शहरातल्या दोन मोठ्या वाचनालयांना फोन केले, जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका दुकानदाराला विचारलं. दीड दिवस गेला. आठपैकी दोनच पुस्तकं खरी निघाली. बाकीची सहा कुठेच नव्हती, कारण ती कधी कुणी लिहिलीच नव्हती.

ही यादी तिने मोबाईलमधल्या एका चॅटबॉटकडून घेतली होती. तिला फसवायचं नव्हतं, तीच फसली होती. वाईट याचं वाटलं की त्या सहापैकी दोन पुस्तकांची नावं घालून तिने प्रकल्पाचा पहिला मसुदा जमाही केला होता, आणि तो तपासणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. दुसरीकडे, या विषयावरचं जे पुस्तक आधी हातात यायला हवं, रा. चिं. ढेरे यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’, ते यादीत नव्हतंच. ते मागच्या खोलीतल्या कपाटात होतं, आणि ताईंना ते माहीत होतं.

मी शाळेत शिकवते आणि या वाचनालयाची जुनी सभासद आहे. त्या दिवशी पुस्तक बदलायला गेले होते, तेव्हा ताई म्हणाल्या, “बाई, हे यंत्र खोटं का बोलतं, ते तरी समजून घेऊ या. उद्या अशाच दहा याद्या आल्या तर आम्ही काय करायचं?” त्यातून आमचा अभ्यासगट सुरू झाला. माणसं सहा : ग्रंथपाल ताई, त्यांच्या सहायक, लिपिक, शिपाई काका, संध्याकाळी अभ्यासिका सांभाळणारा एक मुलगा आणि मी. दर शनिवारी, वाचनालय बंद झाल्यावर, एक तास. आम्ही जे शिकलो ते इथे मांडते आहे, कारण असे प्रश्न आता प्रत्येक गावातल्या वाचनालयासमोर आणि शाळेसमोर येणार आहेत.

फिनलंडचा धडा, नाशिक रोडचा वर्ग

शिकायचं कशातून, हा पहिला प्रश्न. यूट्यूबवर एआयचे शेकडो व्हिडिओ आहेत, पण निम्म्यांना काहीतरी विकायचं असतं. शोधता शोधता ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ नावाचा कोर्स सापडला. फिनलंडमधलं हेलसिंकी विद्यापीठ आणि रिअॅक्टर ही कंपनी यांनी तो २०१८ मध्ये सुरू केला. त्यांचा उद्देश साधा होता : देशातल्या निदान १ टक्का लोकांना एआय म्हणजे काय ते कळावं. इंजिनियरांनाच नव्हे, तर नर्स, दुकानदार, शिक्षक, निवृत्त माणसं अशा सगळ्यांना. कोर्स फुकट आहे, प्रकरणं सहा आहेत आणि प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही. पुढे युरोपातल्या अनेक भाषांत तो उपलब्ध झाला आणि जगभरातल्या लाखो लोकांनी त्यात नाव नोंदवलं.

आमच्यासाठी तो इंग्रजीतच होता. मग पद्धत ठरली. मी एक परिच्छेद वाचायचा आणि मराठीत सांगायचा. नंतर दुसऱ्या कुणीतरी तोच मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगायचा. तिसऱ्याने त्याला आपल्या रोजच्या कामातलं उदाहरण द्यायचं. उदाहरण सापडलं नाही, तर मुद्दा कळलेला नाही असं समजून पुन्हा वाचायचं. बीएडला जे शिकले होते, ते इतक्या वर्षांनी मोठ्या माणसांच्या वर्गात असं उपयोगी पडलं.

पहिल्या शनिवारी नुसत्या शब्दांवर तास गेला. मराठीत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’, उर्दूत ‘मसनूई ज़हानत’. काकांनी विचारलं, “मसनूई म्हणजे नकली ना? मग नकली अकलेवर इतका भरवसा कशाला?” सगळे हसले, पण प्रश्न बरोबर होता. मसनूई म्हणजे माणसाने बनवलेलं. बनवलेलं वाईटच असतं असं नाही, पण ते कशापासून आणि कसं बनलं हे विचारायचा हक्क आपल्याला असतो. त्याच दिवशी ‘अल्गोरिदम’ हा शब्दही निघाला. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणारे गणितज्ञ अल-ख्वारिज्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपावरून तो आला, आणि ‘अल्जिब्रा’ हा शब्द त्यांच्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून. आपल्या जलशांत हे नाव मोठ्या अभिमानाने घेतलं जातं. ताई म्हणाल्या, “नाव घेऊन टाळ्या मिळतील, पण त्यांनी जे केलं ते शिकायला हवं.” अल्गोरिदम म्हणजे शेवटी काय? एखादं काम पार पाडायच्या पायऱ्या. वाचनालयात पुस्तक देताना आपण करतो तेच : सभासद क्रमांक पाहा, आधीचं पुस्तक जमा झालं का पाहा, नोंद करा, तारीख टाका.

नियम सांगायचे की उदाहरणं द्यायची?

जुन्या पद्धतीच्या संगणकाला माणूस नियम सांगतो. आम्ही कागदावर असा एक खेळ करून पाहिला. समजा, पुस्तकांची विषयवार विभागणी करणारं यंत्र बनवायचं आहे. नियम केला : पुस्तकाच्या नावात भाजीचं किंवा पिकाचं नाव आलं की पुस्तक ‘शेती’ विभागात. या नियमाने पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ थेट शेतीच्या कपाटात गेली. नियम दुरुस्त करायला गेलो तर दुसरीकडे बिघडलं. किती नियम करणार?

आताचं एआय बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेने जातं. त्याला नियम देत नाहीत, उदाहरणं देतात. ही हजारो पुस्तकं आणि हे त्यांचे विभाग, यातून तूच साम्य शोध, असं सांगतात. याला मशीन लर्निंग म्हणतात.

हे समजायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत चढलं, यावर शहर पुराचा अंदाज घेतं. नदीकाठच्या जुन्या माणसांना विचारा. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं ते ऐकलं की ते सांगतात, आता गुडघ्याला लागेल किंवा कमरेपर्यंत जाईल. त्यांनी कुठलं सूत्र पाठ केलेलं नसतं. वर्षानुवर्षं दोन गोष्टी जोडीने पाहिलेल्या असतात, सोडलेलं पाणी आणि मारुतीची पातळी. यंत्रही असंच शिकतं, फक्त ते आकड्यांतून शिकतं. आधी चुकीचा अंदाज करतं, चूक किती झाली ते मोजतं आणि आतले आकडे थोडे सरकवतं. सहायक ताई म्हणाल्या, “म्हणजे सालनात मीठ घालतात तसं. चाखायचं, थोडं घालायचं, पुन्हा चाखायचं.” हे लाखो वेळा केलं म्हणजे प्रशिक्षण झालं.

या उदाहरणातच यंत्राची मर्यादाही दिसते. गोदाकाठच्या म्हाताऱ्याला कृष्णेच्या पुराबद्दल विचारलं तर तो म्हणेल, “ते मला माहीत नाही, सांगलीत विचारा.” यंत्राकडून अशी प्रांजळ कबुली दर वेळी मिळत नाही.

रिकाम्या जागा भरा

चौथ्या आठवड्यापर्यंत आम्ही मूळ प्रश्नाकडे आलो : चॅटबॉट खोटी पुस्तकं का सांगतो?

मी शाळेतला जुना खेळ काढला, रिकाम्या जागा भरा. ‘नाशिक रोडच्या प्रेसमध्ये ____ छापतात.’ सहाही जणांनी लिहिलं, नोटा. ‘पावसाळ्यात गोदावरीला ____ येतो.’ सगळ्यांचं एकच उत्तर, पूर. मग तिसरं वाक्य दिलं : ‘माझ्या आजोबांच्या मित्राचं नाव ____ होतं.’ माझ्या आजोबांना इथे कुणीच ओळखत नव्हतं. तरी एकही जागा रिकामी राहिली नाही. कुणी अब्दुल लिहिलं, कुणी रहीम, कुणी विठ्ठल. काकांनी लिहिलं, करीम. मी विचारलं, “काका, तुम्हाला कसं माहीत?” ते म्हणाले, “माहीत कुठे? जागा रिकामी होती, बसेल असं नाव घातलं.”

चॅटबॉट नेमकं हेच करतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून ही यंत्रं घरोघरी पोहोचली. त्यांच्या आत असतं ते भाषेचं मॉडेल. इंटरनेटवरची पानं, पुस्तकं, लेख असा प्रचंड मजकूर वाचून, कुठल्या शब्दांनंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, हे ते शिकलेलं असतं. शब्दाचाही तुकडा करतं आणि एकेक तुकडा जोडत वाक्य तयार करतं. नंतर माणसांनी दिलेल्या पसंती-नापसंतीतून त्याला नीट, नम्र उत्तर द्यायला शिकवलेलं असतं. म्हणून वाक्य सुबक येतं. पण वाक्य सुबक असणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. पुस्तकांच्या यादीत आधी नाव, मग लेखक, मग प्रकाशक, मग साल येतं, हा साचा त्याला पक्का माहीत असतो. साच्यात बसणारं खरं पुस्तक हाताशी नसेल, तर बसेल असं नाव ते घालतं. काकांनी करीम घातला तसं. फरक एवढाच की विचारल्यावर काकांनी लगेच कबूल केलं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ‘शिकागो सन-टाइम्स’ या मोठ्या वृत्तपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी छापून आली. लेखक नामवंत आणि खरे, पण १५ पैकी १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. यादी बाहेरच्या एका लेखकाने एआयच्या मदतीने केली होती आणि छापण्याआधी कुणी तपासली नव्हती. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी एआयने रचलेले खोटे निकाल दाखले म्हणून दिले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. शिकलेली माणसं, मोठी शहरं. चूक मात्र आमच्या कॉलेजच्या मुलीचीच.

आता काही चॅटबॉट इंटरनेटवर शोध घेऊन, दुवे देऊन उत्तर देतात. त्याने फरक पडतो. पण दुवा उघडून त्यात खरंच तेच लिहिलंय का, हे पाहावंच लागतं.

आपल्याच विषयांवर यंत्र का घसरतं

पाचव्या शनिवारी आम्ही एक चाचणी घेतली. चॅटबॉटला आधी ताजमहालाबद्दल विचारलं. उत्तर बहुतेक बरोबर. मग श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांच्याबद्दल विचारलं. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ग्रंथ, तेवढं बरोबर आलं. पुढे मात्र गावाचं नाव चुकलं, आणि कधीच न ऐकलेल्या दोन ग्रंथांची नावं त्यांच्या नावावर आली. भाषा दोन्ही वेळा तितकीच ठाम होती.

कारण आता आम्हाला कळत होतं. ताजमहालावर जगातल्या शेकडो भाषांत लिहिलं गेलंय. शेख महंमदांवर जे आहे ते मराठीत, आणि त्यातलं बरंचसं छापील पुस्तकांत, कपाटांत. यंत्राने ते वाचलेलंच नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटींहून जास्त लोक होते. तरी इंग्रजी विकिपीडियावर सुमारे ७० लाख लेख आहेत आणि मराठी विकिपीडियावर सुमारे १ लाख. उर्दूची अडचण आणखी वेगळी. १९८१ मध्ये नूरी नस्तालिक हा टाईप येईपर्यंत बहुतेक उर्दू पुस्तकं कातिबच्या हाताने लिहून मग छापली जात. आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या घरांत आणि वाचनालयांत अशी जुनी पुस्तकं आजही आहेत. पण अक्षरं एकमेकांत गुंफलेली, प्रत्येक कातिबचं वळण वेगळं, त्यामुळे त्याचा फोटो घेऊन मजकूर काढणं यंत्राला अवघड जातं. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा प्रकल्प २०२२ पासून भारतीय भाषांसाठी अशी साधनं तयार करतो आहे. काम सुरू आहे, पण अंतर मोठं आहे.

यातून जे निघतं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जिथे लिखाण भरपूर, तिथे यंत्र कमी चुकतं. जिथे लिखाण कमी, तिथे ते रिकाम्या जागा स्वतःच भरतं. आणि आपला इतिहास, आपल्या मोहल्ल्यांचा, मराठी लिहिणाऱ्या मुसलमानांचा, गावोगावच्या दर्ग्यांचा आणि शाळांचा, नेमका याच कमी लिहिलेल्या भागात आहे. तो खोटा रचला गेला तर पकडणार कोण? ज्यांच्या कपाटात खरं पुस्तक आहे तेच. म्हणून एआय समजून घेणं हे मोठ्या शहरातल्या कंपन्यांचंच काम नाही. ते छोट्या वाचनालयातल्या माणसाचं काम आधी आहे.

अभ्यासिकेतल्या मुलाने त्या दिवशी विचारलं, “व्हॉट्सॲपवर आलेली हदीस खरी की खोटी, हे चॅटबॉटला विचारलं तर चालेल का?” मी म्हटलं, “हदीसच्या विद्वानांनी शतकांपूर्वी काय विचारलं होतं? तू हे कुणाकडून ऐकलंस, आणि त्याने कुणाकडून? सनद दाखव. चॅटबॉटने कितीही सुंदर अरबी लिहिली तरी सनद तपासायला किताब उघडावीच लागेल, नाहीतर जाणकाराकडे जावं लागेल.” लिपिक भाऊ, जे आमच्यात सगळ्यात कमी बोलतात, ते म्हणाले, “आमचं दाखल रजिस्टर म्हणजे पुस्तकाची सनदच की. कधी आलं, कुठून आलं, किती पानं.” आम्ही नोटांच्या गावात राहतो. पाचशेची नोट हातात आली की उजेडाकडे धरून पाहायची सवय आहे. ती सवय आता वाक्यांनाही लावायची आहे.

९० टक्के बरोबर म्हणजे किती?

कोर्समधला संभाव्यतेचा भाग सगळ्यांना जड गेला. दोन शनिवार तिथेच अडकलो. शेवटी चिठ्ठ्या करून हिशेब मांडला, तो इथे देते, कारण तो प्रत्येकाला माहीत असायला हवा.

समजा, वाचनालयाचे १,००० सभासद आहेत. त्यातले १० जण पुस्तक कधीच परत करत नाहीत. एका कंपनीने यंत्र आणलं. कंपनी म्हणते, आमचं यंत्र पुस्तक बुडवणारा माणूस ओळखतं आणि ९० टक्के वेळा बरोबर असतं. ऐकायला छान. आता मोजा. १० बुडव्यांपैकी ९ यंत्राने पकडले. उरले ९९० प्रामाणिक सभासद. त्यांच्याबाबत यंत्र १० टक्के वेळा चुकतं, म्हणजे ९९ प्रामाणिक लोकांवरही बोट ठेवतं. एकूण संशयित १०८. त्यातले खरे बुडवे फक्त ९. म्हणजे यंत्राने बारा जणांकडे बोट दाखवलं तर त्यातले अकरा जण निर्दोष.

चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या तेव्हा खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग काका हळूच म्हणाले, “आणि यंत्राने आडनाव पाहून शिकलं असेल तर?” कॅमेऱ्यातून चेहरे ओळखणं, कर्ज द्यायचं की नाही ठरवणं, नोकरीचे अर्ज चाळणं, अशा कामांत जगभर अशी यंत्रं वापरली जातात. यंत्र जुन्या नोंदींतून शिकतं. नोंदींत भेदभाव असेल तर तोही शिकतं, आणि मग तो आकड्यांच्या वेशात बाहेर येतो. आपल्या वस्तीतल्या माणसाला याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. पण ‘९० टक्के बरोबर’ असं कुणी म्हटलं की ‘उरलेल्या चुका कुणाच्या वाट्याला?’ हा प्रश्न विचारता यायला हवा. तो आता आमच्या शिपाई काकांना विचारता येतो.

मग वापरायचं की नाही?

वापरायचं. आम्हीही वापरतो. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. त्या मर्यादित पैशांत पुस्तकं, वीज, जागा आणि पगार भागवायचा असतो. माणसं कमी, कागदपत्रं जास्त. अशा ठिकाणी पत्राचा कच्चा मसुदा, कार्यक्रमाची सूचना, इंग्रजी परिपत्रकाचा सोपा मराठी सारांश, यासाठी एआयचा खरंच उपयोग होतो. ताई म्हणतात, मसुदा यंत्राचा चालेल, सही करण्याआधीचं वाचन माझं.

जुन्या रजिस्टरचे फोटो देऊन यादी तयार करून घ्यायचाही प्रयत्न केला. वेळ वाचला, पण एकाच सय्यद आडनावाचे सय्यद, सैयद आणि सईद असे तीन लेखक झाले. ते दुरुस्त करायला माणूसच लागला.

दोन गोष्टींना मात्र आम्ही स्पष्ट नाही म्हटलं. एक, सभासदांची नावं, फोन, आधार क्रमांक कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकायचे नाहीत. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. दोन, कोण काय वाचतं ही वाचकाची खासगी गोष्ट आहे, ती यंत्राला द्यायची नाही.

नोकरीची भीती होतीच. पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही, सहाव्या आठवड्यात सहायक ताईंनी विचारलं, “हे सगळं शिकून आम्ही आमच्याच जागेवर यंत्र आणून बसवतोय का?” मी खोटा धीर दिला नाही. नुसती नोंद करण्याचं काम यंत्राकडे जाईल. पण या यादीतली सहा पुस्तकं खोटी आहेत हे सांगणारं काम त्या दीड दिवसात ताईंनी केलं, यंत्राने नव्हे. हे काम दिसत नाही म्हणून त्याची किंमत लावली जात नाही. ती दाखवून देणं आता आपल्या हातात आहे. आम्ही दर्शनी भागात एक वही ठेवली आहे. एआयने सांगितलेलं कुठलं पुस्तक शोधलं, ते खरं निघालं की खोटं, आणि त्याऐवजी कुठलं खरं पुस्तक दिलं, हे त्यात लिहायचं. वर्षअखेरीला ती वही कार्यकारी मंडळापुढे ठेवणार आहोत.

तुमच्या गावात असा गट करायचा असेल तर

फार काही लागत नाही. पाच-सहा माणसं, एक संगणक किंवा मोठा मोबाईल, आठवड्यातून एक तास. एखादा शिक्षक जोडून घ्या, आपल्याकडे ते प्रत्येक मोहल्ल्यात असतात. मराठी, उर्दू, हिंदी, ज्या भाषेत माणूस विचार करतो त्याच भाषेत बोला. इंग्रजी शब्द घाबरवतात, म्हणून पहिल्या पानावर शब्दांची यादी करा. प्रत्येक वेळी चॅटबॉटला एक असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे : तुमच्या गावाचा, शाळेचा, मशिदीच्या बांधकामाचा, जुन्या शिक्षकांचा. तो कुठे चुकतो ते पाहिलं की आठ व्याख्यानांपेक्षा जास्त कळतं. आणि शिपायापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांना एकाच टेबलाभोवती बसवा. आमच्या गटातले सगळ्यात चांगले प्रश्न काकांनी विचारले. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत झालंय.

सहा प्रकरणांना आम्हाला अकरा आठवडे लागले. न्यूरल नेटवर्कचं प्रकरण अर्धंच कळलं, ते पुन्हा वाचायचं आहे.

ती मुलगी मधे एकदा येऊन गेली. तिने मसुदा परत मागून घेतला होता आणि खोटी दोन नावं स्वतःच काढली होती. ढेरे यांचं पुस्तक परत करायला आली होती. जाताना तिने ताईंना विचारलं, “यातल्या कवींबद्दल मी मराठी विकिपीडियावर लिहिलं तर चालेल का? म्हणजे पुढच्या वेळी कुणी विचारलं तर यंत्राला खरं काहीतरी सापडेल.”

ताईंनी पुस्तक जमा करून घेतलं, आणि पुन्हा तिच्याच नावावर लिहून दिलं.